भदत पाहिजे

"...म्हणजे अक्षरं मोडून लिहितो तो प्रत्येक जण चोर, असंच ना?"

"चोरच, बाई. सरळ माणूस कशाला मोडेल?"

हे बोलताना उन्मेष बोंडेचा आवाज चढला होता. मठात इतक्या मोठ्यानं कोणी बोलत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी चढला.

कासारखेड्याच्या महानुभाव मठात मोठ्या बाई पंचावन्न वर्षं राहत होत्या. आता वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं खरं नाव फारसं कोणी घेत नसे. गावाला त्या मोठ्या बाईच. उन्मेषचे वडील इथल्या शाळेत मास्तर होते, तेव्हा उन्मेष बाईंकडे जुन्या पोथ्या वाचायला शिकला. सकळ लिपीतल्या पोथ्या. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहिलेलं असतं. किल्ली ठाऊक नसेल तर नुसती बडबड. उन्मेष ती घडाघडा वाचायचा.

आता तो चौतीस वर्षांचा होता. पुण्यात त्याची कंपनी होती. ईमेलमधून येणारे फसवे मेल दारातच अडवणारी एक यंत्रणा त्यानं बनवली होती. तिचं नाव 'राखण'. साठ संस्था ती वापरत होत्या.

चार दिवसांपूर्वी बाईंचा निरोप आला. एकदा येऊन जा.

उन्मेषला वाटलं, वर्तमानपत्रात आलेली आपली मुलाखत बाईंपर्यंत पोहोचली. कौतुकाला बोलावलंय. तो पेढे घेऊन आला. दंडवत प्रणाम केला. बाईंनी पुडा न उघडता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं काम मला समजावून सांग."

अर्धा तास तो समजावत होता. त्यानंतर हा प्रश्न आला होता.

"कसं मोडतात ते दाखव," बाई म्हणाल्या.

उन्मेषनं खिशातलं पेन काढलं. एका कागदावर लिहिलं. 'घनलाभ'.

"वाचा."

"धनलाभ."

"नीट बघा, बाई. ध नाही. घ आहे. तुम्ही धनलाभ वाचलंत, कारण माणूस अक्षर बघत नाही, शब्द बघतो. यंत्राला मात्र घनलाभ दिसतं. असला शब्द त्याच्या यादीत नाही. ते सोडून देतं."

त्यानं आणखी लिहिलं. 'भोफत'. 'लॉ.ट.री'. 'नो क री'.

"म ऐवजी भ. मध्ये टिंब. मध्ये रिकामी जागा. इंग्रजीत तर विचारू नका. ओच्या जागी शून्य घालतात. दुसऱ्याच देशाच्या लिपीतला, हुबेहूब तसाच दिसणारा ए घालतात. डोळ्याला न दिसणारं अक्षरसुद्धा असतं, ते शब्दाच्या पोटात दडवतात. रोज नवी युक्ती. हीच अक्कल चांगल्या कामाला लावली असती हरामखोरांनी..."

तो थांबला.

"चुकलं, बाई. मठात शिवी आली."

"आली तर आली. तुझ्या जिव्हारी एवढं का लागलंय, ते सांग."

उन्मेषनं पेनाला टोपण लावलं.

"कुमुदमावशी आठवते तुम्हाला? आईची धाकटी बहीण. अचलपूरची."

"आठवते. हसायची फार."

"तिला साखरेचा आजार. रोज इंजेक्शन घ्यायची. तिला एक मेल आला. 'मघुमेह मुळापासून बरा.' घ बरं का, ध नाही. नीट लिहिलं असतं तर त्या वेळच्या चाळणीतही अडकलं असतं. मोडलं म्हणून आत आलं. मावशीनं पुड्या मागवल्या. पुड्या सुरू केल्या आणि इंजेक्शन बंद केलं. एकवीस दिवसांत गेली."

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला.

"मी तिचा फोन बघितला नंतर. तो मेल तसाच होता. एका अक्षराच्या फरकानं माणूस मारलं त्यांनी. एका अक्षराच्या!"

"तिनं कोणाला विचारलं नव्हतं?"

"मला फोन केला होता. दोनदा... मी कामात होतो."

अंगणात कोणीतरी गहू निवडत होतं. सुपाचा आवाज येत होता. 

"मग तू राखण बनवलीस."

"हो. आधी मी मोडलेलं अक्षर जुळवायला यंत्राला शिकवलं. तुमच्याकडे शिकलो तेच. किल्ली शोधायची आणि वाचायचं. पण मी एक मोड ओळखली की ते दुसरी काढायचे. सहा महिने असा पाठलाग चालला. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, वाचायचंच कशाला? आता राखण वाचत नाही. मोडलेले शब्द मोजते. तीनापेक्षा जास्त निघाले की मेल संपला."

"संपला म्हणजे?"

"बाकीचे लोक असे मेल बाजूच्या टोपलीत टाकतात. तिथून लोक पुन्हा उचलतात, उघडतात, फसतात. माझ्या मावशीसारखी माणसं तर हमखास उचलतील. मी टोपलीच ठेवली नाही. नष्ट करतो. राखसुद्धा उरत नाही."

हे सांगताना त्याची मान ताठ झाली.

"आपली पोथीही मोडलेल्या अक्षरांची आहे," बाई म्हणाल्या.

"ती वेगळी गोष्ट आहे."

"वेगळी कशी?"

"ती जपायसाठी मोडली होती. भलत्याच्या हाती पडू नये म्हणून."

"तुझ्या राखणीला हे कळलं असतं?"

उन्मेष हसला.

"नसतं कळलं. पण पोथी कोण मेलनं पाठवतंय, बाई?"

बाई हसल्या नाहीत.

"चूक होत नाही तिची?"

"अकरा महिने झाले. साठ संस्था. एकही तक्रार नाही."

"तक्रार करायची तर कशी करतात?"

"मेलनं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे... फोनही करता येतो," उन्मेष घाईनं म्हणाला.

बाईंनी पाटाखालून एक घडी घातलेला कागद काढला. वहीचा कागद होता, पेन्सिलीनं लिहिलेला. त्यांनी तो उलगडला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे तुझ्या राखणीपुढे आलं तर?"

उन्मेषनं वरवर नजर टाकली. ओळीओळीत टिंबं, तुटलेले शब्द, भलती अक्षरं. त्याला हसू आलं.

"जाईल. पापणी लवायच्या आत."

"वाच तरी."

"गरज नाही, बाई. नुसतं बघूनच..."

"वाच." बाईंचा आवाज वाढला नाही. "मोठ्यानं."

उन्मेषनं कागद उचलला.

"ताई, मदत पाहिजे..."

"लिहिलंय तसं वाच."

त्यानं नीट बघितलं. 'भदत' लिहिलं होतं.

"ता.ई... भदत पाहिजे. न वरा भा.र.तो. रोज भा.र.तो. दा.र बाहेरून ला वतो. फो न क रू नका, फो.न वाज.ला की तो उच लतो. मे.ल वरच सां.गा. घ.र सो डायचं आहे. कु.ठं ये ऊ..."

तो थांबला. पुढे दोन ओळी होत्या. त्या त्यानं मनात वाचल्या.

"हे कोणी लिहिलंय?"

"आधी सांग, राखणीनं काय केलं असतं?"

"हे कुठून आलं, बाई?"

"मी विचारते त्याचं उत्तर दे."

"...नष्ट केलं असतं."

"केलं," बाई म्हणाल्या. "सात वेळा."

सुपाचा आवाज थांबला होता.

"वेणू, इकडे ये गं."

अंगणातून एक बाई आत आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. पदराला गव्हाचा कोंडा लागलेला. डावं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं मान थोडी वळवली, उजवा कान पुढे येईल अशी.

"ही वेणू. बाजूच्या गावची. आठ दिवसांपूर्वी पायी चालत आली. पाठवलेलं पत्र हिनं मला आठवून लिहून दिलं. हिचा नवरा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वेणू, हा उन्मेष. तुला सांगितलं होतं ना, तोच."

वेणूनं त्याच्याकडे बघितलं. नमस्कार केला नाही.

"ताई, तुम्ही... महिला मदत केंद्राला लिहिलं होतं? तिथे माझी राखण आहे," उन्मेषनं विचारलं.

ती गप्प.

"या बाजूनं बोल," बाई म्हणाल्या. "त्या कानानं तिला ऐकू येत नाही."

उन्मेष उठून उजवीकडे गेला. पुन्हा विचारलं.

"लिवलं होतं," वेणू म्हणाली. "सरकारी दवाखान्यात कागद लावला होता भिंतीले. फोन करता येत नसन तर मेल करा. खाली पत्ता होता. पाठ केला मी."

"पण अक्षरं अशी का...?"

"तो रोज संध्याकाळी माहा फोन घे. एक एक शब्द टाकून शोधे. मदत. मार. पोलीस. माहेर. कोनाले काही लिवलं काय, ते पाहे."

"मग हे मोडणं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाई. माह्या फोनवर ते फसवायचे मेल येत. कर्ज घ्या, लॉटरी लागली. एक दिवस तो कर्जाचा मेल शोधत होता. शब्द टाकला, तर सापडेच ना. मंग मी पाह्यलं. त्या मेलमधी क आन र्ज याच्या मधात टिंब होतं." ती क्षणभर थांबली. "म्हटलं, हे बरं आहे. यानं तो आंधळा होते."

उन्मेषनं कागदावरची टिंबं पुन्हा बघितली.

"चोरांकडून शिकली ती," बाई म्हणाल्या. "तिला शिकवणारं दुसरं होतं कोण?"

"एक विचारू काय, साहेब?" वेणू म्हणाली.

"विचारा."

"तुमी वाचून सोडून देलं, की वाचलंच नाई?"

"कोणीच वाचलं नाही, ताई. केंद्रातल्या लोकांपर्यंत पोहोचलंच नाही ते. वाटेतच..."

"वाटेत काय झालं?"

"नष्ट झालं."

"आपोआप?"

उन्मेषनं हातातला कागद खाली ठेवला.

"आपोआप झालं काय, साहेब?"

"नाही. मी केलं."

वेणूनं मान हलवली. खूप दिवस अडलेल्या हिशेबाचं उत्तर मिळावं तशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मले वाटलं, वाचून हासत असतीन."

उन्मेष खाली बसला. मग त्याला अचानक राग आला. कोणाचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"बाई, हे वाईट झालं. फार वाईट झालं. पण तुम्हाला कल्पना नाही, दिवसाला चाळीस हजार मेल येतात. त्यातले किती तरी असे, माणसं मारणारे. मी ते अडवले नाहीत तर दुसऱ्या कुणाची मावशी मरेल. ह्या चोरांनी अक्षरं मोडायला सुरुवात केली नसती, तर मला हे करावंच लागलं नसतं. पाप त्यांचं आहे!"

"हिची पत्रं चोरांनी जाळली?"

"त्यांच्यामुळे..."

"कोणी जाळली?"

"बाई, यंत्र..."

"यंत्र!" बाईंनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "यंत्राला मी शिकवलं नाही. तुला शिकवलं. न कळणारं अक्षर समोर आलं तर काय करायचं, हे मी तुला चार वर्षं शिकवलं. दिवस दिवस एका ओळीपुढे बसायचास तू. आणि छापून काय आणलंस? 'मोडलेली अक्षरं ओळखायला मी कासारखेड्याच्या मठात शिकलो.' माझं नाव घातलंस त्यात. वेणू इथे आल्यावर मी मदत केंद्राला फोन लावला. तिथली बाई मला मोठ्या कौतुकानं सांगते, 'आमच्याकडे असं काही आलं नाही. ती नवी राखण बसवल्यापासून आमचं टपाल अगदी स्वच्छ असतं.' स्वच्छ! तो शब्द ऐकला आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

उन्मेषची मान खाली गेली.

 मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"नोंद असेल," तो पुटपुटला. "मजकूर राहत नाही. पण तारीख आणि वेळ राहते."

वेणूनं मेलचा पत्ता सांगितला. त्यानं शोधलं. पडद्यावर सात ओळी आल्या.

"वाचा," वेणू म्हणाली.

"चार जून. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मोडलेले शब्द एकोणीस. नष्ट."

"तो आंघोळीले गेला होता."

"नऊ जून. सहा वाजून पाच मिनिटं. मोडलेले शब्द सात. नष्ट."

"त्या दिवशी नळाले पानी कमी होतं. लवकर बाहेर आला. अर्धंच पाठोलं."

"चौदा जून. सहा अकरा. बावीस. नष्ट."

"त्यात मी माह्या भावाचा नंबर लिवला होता. म्हटलं, मले नाई तर त्याले तरी सांगतीन."

चौथी आणि पाचवी ओळ त्यानं वाचली. तो थांबला. लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"दोन राह्यले," वेणू म्हणाली. "सात होते."

त्यानं झाकण वर केलं. वाचले.

"तेवीस जूननंतर नाही पाठवलात?"

"मंग मले वाटलं, माहंच चुकलं. अशी वाकडीतिकडी अक्षरं त्यांले समजत नसतीन. शिकलेली मानसं ती. म्हनून आठवा नीट लिवला. टिंबं नाई, काही नाई. मदत म्हंजे मदतच लिवलं. शाळेतल्यावानी."

"तो... तो पोहोचला असता. तो मी अडवला नसता. मग तो कुठे...?"

"लिवून झाला नव्हता. नवरा बाहेर आला म्हनून तसाच ठेवला. संध्याकाळी त्यानं फोन घेतला. मदत टाकलं. सापडला."

तिचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

उन्मेष उठला. ओसरीवर गेला. परत आला. पुन्हा गेला. मग तिथेच उभं राहून त्यानं पुण्याला फोन लावला. त्याचा सहकारी तन्वीर फोनवर आला.

"तन्वीर, मोडलेल्या शब्दांचा नियम बंद कर."

"कोणता? नष्ट करायचा?"

"तोच. आत्ता. मी फोनवर आहे तोवर."

"अरे, वेड लागलंय का तुला? उद्या सकाळी साठच्या साठ संस्थांचे फोन येतील. सगळा कचरा आत शिरेल."

"आत सोडू नकोस. वेगळे ठेव. एकही नष्ट होता कामा नये."

"ठेवून करायचं काय?"

"वाचायचे."

"कोणी?"

"माणसानं. आज रात्रीपासून मी. मग तू. मग ठेवू कोणीतरी पगारी."

"रोज हजारेक असतात, उन्मेष."

"तन्वीर... आतापर्यंत किती नष्ट केले आपण? अकरा महिन्यांत?"

थोडा वेळ नुसता कळफलकाचा आवाज येत राहिला.

"तीन लाख बारा हजार."

"त्यातले किती खरे होते?"

"असं कसं कळणार आता? आपण काही ठेवलंच नाही ना. तूच म्हणाला होतास, राखसुद्धा..."

"ठाऊक आहे मी काय म्हणालो होतो."

नियम बंद झाला. तन्वीरनं तसं सांगितलं. उन्मेषनं साठही संस्थांना पाठवायचं पत्र फोनवरच सांगायला सुरुवात केली. आमच्याकडून चूक झाली आहे. गेल्या अकरा महिन्यांत तुमच्याकडे मदत मागणाऱ्यांची पत्रं आम्ही नष्ट केली असण्याची शक्यता आहे. तन्वीर मध्येच म्हणाला, 'शक्यता आहे' असंच राहू दे, वकिलाला विचारू. उन्मेष म्हणाला, "शक्यता काढ. 'केली आहेत' लिही."

आतून मोठ्या बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा निवळला नाही.

तो आत आला तेव्हा वेणू तिथे नव्हती. ती पुन्हा अंगणात गेली होती. एका हातानं सूप नीट पाखडता येत नव्हतं. ती गव्हातले खडे एकेक करून बाजूला काढत होती.

"तिचं पुढं काय, बाई?"

"केंद्राची बाई परवा येऊन गेली. पोलिसांत तक्रार झालीय. भाऊ उद्या न्यायला येतोय. कान परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला."

उन्मेष उभाच होता.

"चोर अक्षर मोडतो, तेही माणसानं वाचावं म्हणूनच," तो स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला. "हिनंही त्यासाठीच मोडलं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. उद्या माझ्यापुढे हजार मेल असतील. मी ओळखू कसं, बाई?"

"मावशी ओळखू शकली नाही. तू आत्ता ओळखलंस."

"वाचल्यावर ओळखलं."

"मग?"



तो बाईंच्या पाया पडायला वाकला. बाईंनी पाय मागे घेतले आणि नुसतं दाराकडे बोट केलं. दारापलीकडे अंगण होतं, अंगणात वेणू.

तो दारापर्यंत गेला. उंबऱ्यापाशी थांबला. मग मागे वळला.

"बाई... तिच्याशी काय बोलू? मनात जुळवून बघतोय. माफी मागायला एक शब्द नीट सापडत नाहीये."

मोठ्या बाईंनी वेणूच्या कागदाची घडी घातली.

"मोडके असतील तेच घेऊन जा. आणि ती ते वाचेलच, असं धरून चालू नकोस."